माळ्यावरचं पितळी पातेलं आणि कल्हईची भट्टी

नमस्कार. हे पातेलं कॅमेऱ्याजवळ धरतोय, आतून नीट बघा. कडेला चंदेरी आहे आणि तळाशी पितळ डोकावतंय. म्हणजे कल्हई उडाली. यात आता आमटी किंवा ताक ठेवलं तर कळकणार. आंबटामुळे पितळातलं तांबं सुटून अन्नात उतरतं, चव बिघडते, मळमळतं. म्हणून तर आत कथलाचा थर, म्हणजेच कल्हई हवी.

भांडी बाजार आणि तांबट लेन असलेल्या आपल्या नाशिकमध्ये आज कल्हईवाला शोधत फिरावं लागतं. पातेली माळ्यावर गेली, त्याची भट्टी थंडावली. ती पुन्हा पेटायची तर आधी काम कसं होतं ते कळायला हवं.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती सफाई. जुनी कल्हई, तेलकटपणा, काळपटपणा तेजाबाने आणि वाळूने घासून काढतात, मग भांडं धुऊन कोरडं करतात. तेलाचा एक डाग राहिला तरी तिथे कथील धरत नाही, काळा ठिपका उरतो. घाईत केलेली कल्हई फसते ती बहुतेक इथेच.

मग भट्टी. जमिनीत छोटा खड्डा, त्यात कोळसा, बाजूला हाताने फिरवायचा पंखा. पूर्वी चामड्याचा भाता असे. सांडशीत धरलेलं भांडं तापलं की आत नवसागर नावाच्या क्षाराची चिमूट. पांढरा धूर उठतो. उष्णतेने नवसागरातून निघणारं आम्ल धातूवरचा गंज खाऊन टाकतं, आणि त्याच क्षणी कथलाची कांडी टेकवायची. कथील 232 अंश सेल्सियसला वितळतं. कापसाच्या बोळ्याने ते भराभर सगळीकडे फिरवायचं आणि भांडं पाण्यात. चर्रर्र!

भांडं कमी तापलं तर कथलाच्या गाठी होतात. जास्त तापलं तर थर पिवळट, मळकट पडतो आणि पुसून जातो. योग्य आच कारागीर रंगावरून ओळखतो. हे कसब हातात बसायला वर्षं लागतात, म्हणून पैशांची घासाघीस करू नका. आणि घरच्या गॅसवर हा प्रयोग मुळीच नको, तो धूर छातीत जाणं वाईट.

एक गोष्ट मात्र ठामपणे विचारा: कथील शुद्ध आहे ना? शिसं स्वस्त असतं, डाग द्यायच्या, म्हणजे धातू जोडायच्या कथलात ते मिसळलेलं असतं आणि ते पोटात जाणं घातक. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली की बारीक कर्रकर्र आवाज येतो. शिसं जास्त असेल तर येत नाही. थोडी भेसळ यातून सुटू शकते, त्यामुळे ओळखीच्या दुकानातून शुद्ध कथील घेऊन कारागिराला देणं उत्तम.

कल्हई टिकवायची तर रिकामं भांडं गॅसवर ठेवू नका. यात फोडणी किंवा तळण नको, तिथे 232 अंश ओलांडले जाऊ शकतात. लाकडी कलथा वापरा, तारेची घासणी आत लावू नका. पाण्याच्या तांब्याला किंवा ताम्हणाला कल्हईची गरज नाही.

आता कारागिराचं गणित. भट्टी पेटवायला कोळसा आणि वेळ तेवढाच लागतो, मग भांडी 2 असोत की 30. दोन पातेल्यांसाठी तो तुमच्या कॉलनीत येणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. सोसायटीच्या ग्रुपवर आधी यादी करा, 25-30 भांडी जमली की दिवस ठरवा. मोकळी जागा, भरपूर पाणी आणि जवळ सुकं गवत नाही, एवढं बघा. दर भांड्याच्या मापावर आधीच ठरवा आणि पैसे त्याच दिवशी द्या. दसरा-दिवाळीची गर्दी टाळून बोलावलंत तर काम निवांत होतं.

सरकारी मदतीचं म्हणाल तर 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय धरले. लोहार आहे, सोनार आहे, कुंभार आहे. तांबट आणि कल्हईवाला त्या यादीत वेगळ्या नावाने नाहीत. हे बरोबर नाही, आणि आपल्या आमदार-खासदारांना लेखी कळवण्यासारखं आहे.

शेवटचं, भांडी देताना. आजीचं नाव कोरलेलं असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कानाला तार बांधून पत्र्याचा बिल्ला अडकवा. कागदी चिठ्ठी भट्टीपाशी जळते आणि सारखी दिसणारी तीन पातेली कुणाची, यावर संध्याकाळी वाद होतो.