रेघेखालचा खर्ज

श्रोतेहो, नमस्कार. गिटार शिकायला लागलेल्या प्रत्येकाच्या वहीत कधी ना कधी एक तिरपी रेघ येते. रेघेच्या अलीकडे ‘ए मायनर’ लिहिलेले असते आणि पलीकडे नुसते ‘जी’ हे अक्षर असते. कोणी ते ‘ए मायनर स्लॅश जी’ असे वाचतात, तर शाळेतील अपूर्णांकांची सवय न सुटलेले आमच्यासारखे लोक ‘ए मायनर बाय जी’ म्हणतात. अर्थ एकच आहे: कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, ए मायनरचाच (ए, सी आणि ई) वाजवायचा, मात्र त्यातील सर्वांत खालचा सूर जी ठेवायचा. पुन्हा सांगतो, रेघेच्या अलीकडे कॉर्ड आणि पलीकडे खर्ज.

हे वाक्य मला आज सहज सांगता येते. महाविद्यालयात असताना मात्र त्या रेघेचा मी भलताच अर्थ लावला होता. अर्जावर ‘श्री/श्रीमती’ किंवा ‘होय/नाही’ छापलेले असते आणि त्यातील नको ते आपण खोडतो, तशीच ही रेघ असणार आणि वादकाने ए मायनर किंवा जी यांपैकी सोयीचा कॉर्ड वाजवावा, अशी सवलत कोणा दयाळू माणसाने दिलेली असणार, असे मी गृहीत धरले. स्नेहसंमेलनासाठी आमच्या वर्गातील एक मुलगी गाणार होती आणि साथीला मी होतो. रेघ आली की मी ऐटीत जी मेजर वाजवीत असे. ती त्या जागी दरवेळी डगमगत असे आणि स्वतःचाच सूर सुटतो आहे असे समजून बिचारी पुन्हा पुन्हा तोच तुकडा गात असे. ए हा षड्ज धरला, तर ती त्या जागी कोमल गंधारावर थांबत होती, म्हणजे सी या सुरावर; आणि माझ्या जी मेजरमध्ये त्याच्या अर्ध्या सुराने खालचा बी ठणठणीत वाजत होता. दोष माझा होता आणि रियाज तिला करावा लागत होता.

त्यातच माझ्या गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार झणझणू लागली. तेव्हा सांगलीहून दहा-बारा किलोमीटरवर असलेल्या मिरजेला, सतारमेकरांच्या गल्लीत मी वाद्य घेऊन गेलो. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्यांच्या कामाची सुरुवात केली, हे आपण जाणताच. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. (मानांकनाचे पेढे वाटणाऱ्या आपल्यापैकी किती घरांत तानपुरा आहे आणि किती घरांत तानपुऱ्याचा आवाज काढणारी विजेची पेटी आहे, हे ज्याने त्याने आपल्या कपाटात डोकावून पाहावे.)

दुकानातील वृद्ध कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत होते. तारा टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा आणि पुन्हा कानस, असे ते काम असते आणि त्याला शांतता लागते. मला ते कळले नाही. त्यांनी माझ्या तारेखाली हाडाची बारीक चकती बसवून गिटार परत दिल्यावर मी तेथेच बसून ए मायनर, जी, ए मायनर, जी असा धडाका लावला. थोडा वेळ सोसून ते म्हणाले, “पोरा, सारखं घर का सोडतोस?”

मी कागद दाखवला. “ही रेघ कसली?” त्यांनी विचारले. “किंवा,” मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी तानपुरा उभा धरला, मला षड्ज लावून ठेवायला सांगितला आणि मी तो जमेल तसा धरल्यावर पहिली तार पंचमावरून उतरवत मध्यमावर आणली, मालकंस रागासाठी लावतात तशी. माझा सूर जागचा हलला नव्हता, तरीही तो मलाच निराळा ऐकू येऊ लागला.

“तू हललास का?” त्यांनी विचारले.

“नाही, चाचा.”

“मग वरची बोटं कशाला हलवतोस? खालचं हलव की.”

मी तेथेच ए मायनरची तीन बोटे न उचलता करंगळी जाड तारेकडे ताणली. पहिल्या दहा-बारा वेळा नुसता खडखडाट झाला आणि चाचांनी मला गिटारसह बाहेरच्या पायरीवर बसवले. दुसऱ्या दिवशीच्या तालमीत ती मुलगी त्या जागेवरून न अडखळता पुढे गेली आणि गाणे संपल्यावर म्हणाली, “आज मला सूर सापडला.” मी तिला खरे कारण सांगितले नाही. आज सांगतो आहे.

आता बोटांकडे वळू. ए मायनरमध्ये मधले बोट चौथ्या तारेच्या आणि अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे मानेवरच्या दुसऱ्या धातूच्या पट्टीपाशी असते, तर तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर असते. तेथून करंगळी सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवायची आणि तिच्याच पोटाने पाचवी तार हलकेच दाबून मुकी करायची. पाचवी मोकळी वाजली, तर जी आणि ए हे शेजारचे दोन सूर खर्जात एकमेकांवर चढून आवाज गढूळ होतो. करंगळी ताणताना अनामिका तिसऱ्या तारेवरून उठते, आणि खरा घात येथेच होतो. ती तार मोकळी झाली की तेथेही जी वाजतो, पाचवी तर मुकी आहे, म्हणजे ए कोठेच उरत नाही. उरतात फक्त जी, सी आणि ई. तो सी मेजर झाला. म्हणून पुन्हा सांगतो, करंगळी एक वेळ चुकली तरी चालेल, अनामिका उठता कामा नये.

जी साधला की हाच खर्ज पुढे उतरवता येतो. सहाव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर एफ शार्प मिळतो. त्यासाठी मधले बोट खर्जावर न्यावे आणि त्याची जागा अनामिकेला, अनामिकेची करंगळीला द्यावी. पहिल्या पडद्यावरच्या एफसाठी बोटे पूर्ववत ठेवून अंगठा मानेवरून वळवावा. शेवटचा ई मोकळ्या तारेवरच मिळतो. आपल्या भाषेत ही उतरण षड्ज, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत आणि पंचम अशी होते, आणि वर तेच तीन सूर जागेवर असतात.

मोबाइलवर पाहून शिकणाऱ्यांना या उतरणीत काही घडते आहे असे वाटतच नाही, यात त्यांचा दोष नाही. हा जी सेकंदाला सुमारे ९८ कंपनांचा आणि ई जेमतेम ८२ कंपनांचा आहे. मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातून इतके खालचे सूर नीट बाहेरच पडत नाहीत. मिरवणुकीतील भिंतीएवढ्या कर्ण्यांतून खर्ज बाहेर पडतो खरा, परंतु तो कानाला नव्हे, खिडकीच्या तावदानांना ऐकू येतो.

आता मी ही उतरण दोनदा वाजवतो. पहिल्यांदा खर्जाकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा वरच्या सुरांकडे. मोबाइलवर ऐकत असाल, तर कानात इअरफोन घाला.