उतरणं

[दृश्य : खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा. पत्र्याचा हॉल, बाहेर पाऊस. आत लांब मॅट.]

जांबोटीकडून आलेला पाऊस पत्र्यावर तडतडतोय. हॉलच्या या टोकाला एक मुलगी उभी आहे. तिच्यापुढे २५ मीटरची धावपट्टी, शेवटी स्प्रिंग बोर्ड आणि त्यामागे व्हॉल्टिंग टेबल. जिम्नॅस्टिक्समध्ये धावत येऊन यावर हात टेकून जी उडी मारतात, ती व्हॉल्ट. ऑलिंपिक असो की राष्ट्रकुल, महिलांसाठी टेबलाची उंची १२५ सेंटिमीटर. इथलं टेबल जुनं, कातडं ठिगळाचं. पण सराव सुरू होण्याआधी टेप लावून उंची मोजली जाते.

ती मोजायलाच हवी. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ऑल-अराउंड, म्हणजे सगळ्या साधनांवरच्या एकत्रित गुणांच्या फायनलला व्हॉल्टचा घोडा (तेव्हा टेबलाच्या जागी तो असे) पाच सेंटिमीटर खाली लावला गेला होता. जगातल्या निवडक मुली एकीमागून एक पडत होत्या. चूक लक्षात आली तेव्हा स्पर्धा निम्म्यावर आली होती. हात टेकतील अशी खात्री असते त्या जागी टेबल नसतं, आणि मग पुढचं काहीच जागेवर येत नाही.

[दृश्य : पट्टीवरची खडूची खूण. पाय. धाव.]

ही खडूची खूण तिची स्वतःची. दुसरीची एक पाऊल पुढे आहे. धाव खुणेपासूनच सुरू करायची, नाहीतर बोर्डाजवळ पावलं जुळवावी लागतात, वेग मरतो. शिकाऊ मुली शेवटच्या तीन पावलांत नेमक्या दबकतात.

“थांबू नको, पळ की गं!”

बोर्डावर दोन्ही पाय एकदम, चवड्यांवर. बोर्डाखालच्या स्प्रिंगा कमीजास्त करता येतात. वजनाने हलक्या मुलीला सगळ्या लावल्या तर बोर्ड दबतच नाही आणि उसळी मिळत नाही. म्हणून इथे दोन स्प्रिंगा काढून ठेवल्यात, खिडकीत दिसतात त्या.

मग हात. टेबलावर ते टेकतात न टेकतात तोच सुटले पाहिजेत. कोपर वाकलं की धावेने कमावलेला जोर तिथेच जिरतो. या मुलींपैकी कितीतरी दोरीच्या मल्लखांबावरून आल्या आहेत. त्यांची पकड घट्ट, पोट घट्ट, उलटं लटकायची भीती मुळीच नाही. पण दोरीवर सगळं ओढायचं असतं आणि टेबलावर ढकलायचं. ही सवय मोडायला महिने जातात. भिंतीशी हातांवर उभं राहायचं आणि कोपर न वाकवता, नुसत्या खांद्यांनी जमिनीवरून उसळायचं. दहा-दहाचे पाच फेरे, रोज.

[दृश्य : मुलगी हवेत. संथ गती. इथे निवेदन नाही.]

[दृश्य : पाय मॅटवर.]

आता उतरणं. पाय कमरेइतके फाकलेले, त्याहून जास्त नाही. आधी चवडे, लगेच टाचा. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, छाती वर. सर पाठमोरे उभे राहून फक्त आवाज ऐकतात. एकच ‘धप्प’ आला तर ठीक. दोन आले तर पाय मागेपुढे पडले. सुरुवात फूटभर उंचीच्या खोक्यावरून होते, खाली उतरून तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. तिथे ‘एकच धप्प’ जमल्याशिवाय टेबल नाही.

पंचांचा हिशोब सरळ आहे. छोटं पाऊल सरकलं, ०.१ गेले. मीटरभराहून मोठं पाऊल, ०.३. खोल बसावं लागलं तर ०.५, पडलं तर पुरता १ गुण. पायांऐवजी दुसरं काही आधी टेकलं तर त्या व्हॉल्टला शून्य.

२०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत दीपा कर्माकरने व्हॉल्टमध्ये ब्राँझ मिळवलं. भारतीय महिला जिम्नॅस्टचं त्या स्पर्धेतलं ते पहिलं पदक. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या फायनलमध्ये तिने प्रोडुनोव्हा मारला. टेबलावरून सुटल्यावर पुढच्या बाजूला दोन पूर्ण कोलांट्या. पुढच्या कोलांटीत जमीन दिसते ती अगदी शेवटच्या क्षणी, म्हणून उतरणं सगळ्यात अवघड. दीपा पायांवरच आली, पण फार खोल बसली. दोन व्हॉल्टची सरासरी १५.०६६, ब्राँझवालीची १५.२१६. सरासरीत ०.१५०, म्हणजे दोन्ही व्हॉल्टच्या बेरजेत ०.३. पंचांच्या कागदावर एका मोठ्या पावलाची ही किंमत. पुढच्याच वर्षी तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली.

[दृश्य : मॅटची शिवण जवळून. हात फटीवरून फिरतो.]

स्पर्धेत उतरायची मॅट २० सेंटिमीटर जाड आणि सलग असते. इथे चार जुन्या मॅट जोडलेल्या आहेत. पायाला दगा देते ती मधली फट. पाऊल फटीत गेलं की घोटा वळतो. त्यावर उपाय म्हणून चारही मॅट पट्ट्याने आवळून वरून एकच जाड चादर ताणून बांधतात. तालमीच्या हौदातली माती मऊ असते, पण पाय एका बाजूला रुतला की तोच त्रास. काथ्याच्या गाद्या तर महिन्याभरात मधोमध बसतात. आणि जून ते सप्टेंबर ओल. रेक्झिनची शिवण उसवली की पाणी फोममध्ये शिरतं आणि ते वाळायचं नाव घेत नाही. म्हणून रात्री मॅट जमिनीवर ठेवत नाहीत, फळ्यांवर उभ्या करतात.

खरी गरज फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्याची आहे. नवी कोलांटी आधी त्यात शेकडो वेळा मारता येते, चुकली तरी गुडघ्याला झळ नाही. इथे तो खड्डा नाही. म्हणून इथे डबल, म्हणजे हवेत दोन कोलांट्या, कोणालाच शिकवत नाहीत, धीट मुलीलाही नाही. हा निर्णय योग्यच आहे. या मुलींची राज्य निवड कर्नाटकातून होते, बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटर. तिथे खड्ड्यात शिकलेल्या मुलींसमोर या सिंगल घेऊन उभ्या राहतात.

[दृश्य : संध्याकाळ. मुलगी पुन्हा खुणेवर. हात मॅग्नेशियमच्या भुकटीने पांढरे.]

ही आजची तिची विसावी धाव.

“गुडघे बाहेर ठेव, आत वळवू नको हं.”

“हो सर.”

[धाव. बोर्ड. टेबल. सर पाठमोरे. एक आवाज.]