हजेरीपुस्तकाची साक्ष

श्रोतेहो, नमस्कार. मोजकी माणसे हाताशी घेऊन व्यवसाय चालवणाऱ्या मालकाला कामगाराने केलेल्या दाव्यात सर्वांत मोठा आधार कशाचा असतो, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, वेळच्या वेळी केलेल्या खऱ्या नोंदीचा. पुन्हा सांगतो, नोंद वेळच्या वेळी हवी आणि ती खरी हवी.

माझ्या परिचयाचे एक छापखान्याचे मालक होते. त्यांच्याकडचा जुना मशीनमन रोज तास-दीड तास उशिरा येत असे. मालक भिडस्त, त्याचा पगार कापला जाऊ नये म्हणून हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे ते स्वतःच्या हाताने ‘नऊ वाजता’ असे लिहीत. एकदा तातडीचे काम खोळंबले, गिऱ्हाईक तुटले आणि रागाच्या भरात त्यांनी त्याला उभ्या उभ्या कामावरून काढून टाकले. प्रकरण न्यायालयात गेले. सततच्या उशिरामुळे काढले, असे मालकांनी सांगताच समोरच्या वकिलांनी हजेरीपुस्तक मागवले, एकेक पान उलटले आणि ‘हे अक्षर कोणाचे?’ एवढेच विचारले. अक्षर मालकांचे होते आणि प्रत्येक पानावर नऊच वाजले होते. भरीस भर म्हणजे पगारवाढीच्या पत्रात त्याच्या वक्तशीरपणाचे कौतुक होते, कारण ते पत्र सर्वांना एकाच नमुन्यावरून दिले जाई. तयार नमुन्यावर नाव बदलून सही करण्याची ही सवय मला फार घातक वाटते. नेमणूकपत्रसुद्धा कामगाराला समजेल अशा भाषेत, त्याच्या कामापुरते वेगळे लिहिलेले असावे. मालक खरे बोलत होते, तरीही हरले. त्यांना पगार कापायचा नव्हता, तर खरी वेळ लिहून पुढे ‘पगार कापलेला नाही’ असा शेरा मारता आला असता. त्यात चांगुलपणाही राहिला असता आणि पुरावाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८२ सालच्या १५८ क्रमांकाच्या करारानुसार कामावरून काढायला सबळ कारण लागते, आणि वर्तनाचा किंवा कामाच्या दर्जाचा आरोप असल्यास आधी त्या माणसाला आपली बाजू मांडू द्यावी लागते. सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही आणि कायदेही देशोदेशी वेगळे आहेत. तरीही कारण काय होते आणि त्याचे म्हणणे ऐकले होते का, हे प्रश्न अशा वादात हमखास निघतात. म्हणून आधी लेखी समज द्या, तिची पोच घ्या, त्याचे उत्तर जपून ठेवा आणि मगच निर्णय करा. राग आलेल्या दिवशी तर तो मुळीच करू नका.

छळाची तक्रार आली तर ती लगेच नोंदवून तिची चौकशी करावी, आणि तक्रार केली म्हणून त्या व्यक्तीची पाळी किंवा काम बदलू नये, कारण त्यातून दुसरा दावा उभा राहू शकतो. माणूस नोकरी सोडून जाताना राहिलेला पगार, शिल्लक रजा आणि इतर देणी यांचा हिशेब कागदावर मांडून रक्कम मुदतीत चुकती करावी, दोघांनी सह्या कराव्यात आणि एक प्रत त्याच्या हाती द्यावी.