पिंपातलं पाणी भाजीला घालताना

साठवलेलं पावसाचं पाणी भाजीला घातलं तर चालतं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. चालतं. पण मी लगेच विचारते, ते वाहून कुठून आलं? आभाळातून पडणारा थेंब बऱ्यापैकी स्वच्छ असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे त्याचा सामू (pH) साधारण 5.6 असतो, म्हणजे किंचित आम्ल, आणि बहुतेक झाडांना त्याचा त्रास होत नाही. काळजी करायची ती छपरापासून पुढे.

मोसमातल्या पहिल्या सरीचं पागोळ्यांचं पाणी मी एकदा काचेच्या बरणीत धरलं होतं. रंग कोऱ्या चहासारखा, वर पिसाचा तुकडा तरंगतोय, आणि थोड्या वेळात तळाला बोटभर काळा गाळ. अर्ध्या तासाने त्याच पन्हळीखाली दुसरी बरणी धरली, तर पाणी आरपार दिसत होतं. पहिल्या बरणीत महिनोन् महिने साचलेली धूळ होती आणि पक्ष्यांची विष्ठा. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर यांसारखे पोट बिघडवणारे जंतू त्या विष्ठेतूनच येतात. म्हणून पहिलं पाणी पिंपात घेऊच नका. हिशोब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. छप्पर 50 चौरस मीटर असेल, तर निदान पहिले 50 लिटर बाहेर सोडा. छप्पर फार मळलेलं असेल, तर त्याच्या दुप्पट.

जंतू उन्हाने, कोरड्या हवेने मरतात तरी. शिशाचं तसं नाही. जुन्या रंगातून, सांध्यांवर ठोकलेल्या शिशाच्या पट्ट्यांमधून ते उतरतं आणि मातीत वर्षानुवर्षं साठत जातं; पाणी उकळूनही जात नाही. अशा छपराचं पाणी खाण्याच्या कुठल्याही झाडाला घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. झिजलेल्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांबाबतही तेच.

छप्पर ठीक असेल, तर पाणी झारीने बुंध्याशी, मातीत घाला. कच्ची खायची पानं भिजवू नका, आणि काढणीआधी काही दिवस पिंपाचं पाणी बंद ठेवा. भाजी धुवायला मात्र पिण्याचंच पाणी घ्या. बारीक तुषार उडवणारा फवारा मी टाळते. 20 ते 45 अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वाढू शकतो आणि तो श्वासावाटे फुप्फुसात जातो. उन्हात ठेवलेलं पिंप नेमकं एवढंच तापतं, म्हणून ते सावलीत हवं.

डासांचं बहुतेकांना माहीत असतं, तरी एक गोष्ट निसटते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीलगत, पिंपाच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात, पाणी लागलं की फुटतात. नुसतं पिंप रिकामं करून भागत नाही, आतून ब्रशने खसखसून घासावं लागतं. तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधा.

आणि जाळीवर झाकण हवंच, लहान मुलाला उचलता न येणारं, शक्यतो कडी-कुलपाचं. पिंपात वाकून बघणारं मूल डोक्याच्या भाराने आत जातं, त्याला ओरडायलाही सवड मिळत नाही. घरी गेल्यावर बाकी काही करण्याआधी हे झाकण तपासा.