फोटो कुठला, कधीचा?

मंडळी, मला दिलेला विषय आहे ‘फोटोवर बोलावं कसं’. वेळ पाऊण तास. पण बाहेर कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला पडलीत आणि वास तिसऱ्या रांगेपर्यंत पोचलाय, तेव्हा पाऊण तास कागदावरच राहणार हे तुम्हालाही कळतंय.

मी मोठा फोटोग्राफर नाही. माझी हयात रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेली, बिऱ्हाड भुसावळला. त्या नोकरीनं एक खोड लावली. कोणी समोर आलं की हात आपोआप पुढे जातो: कुठून, कुठवर, कधीचं? आता फोटोंचंही तेच होतं. कोणी हौसेनं हतनूरच्या बदकांचा फोटो दाखवतो आणि मी बदकं बघायच्या आधी विचारतो, तारीख काय? समोरचा बिनतिकीट सापडल्यासारखा चेहरा करतो. काहीजण तर सवयीनं खिसेही चाचपतात.

या खोडीमागे एक दुखणं आहे. ते ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी बाहेर जाऊन वांग्यांकडे बघितलं तरी चालेल.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मी भल्या पहाटे सावद्याहून रावेरकडे निघालो होतो. थंडी कडाक्याची. रस्त्याच्या कडेला केळीची बाग, खोडांच्या रांगांमधून पांढरा पडदा सरकतोय, त्यातून कोवळं ऊन तिरपं उतरलेलं आणि मध्ये एक म्हातारा घोंगडी पांघरून उभा. गाडी लावली आणि चार फोटो काढले. त्यातला एक बरा आला. आपल्या माणसांना पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. वाटलं, फोटो स्वतः बोलेल. तो बोलला, पण काय ते ऐका.

महिनाभरानं तोच फोटो फिरत फिरत माझ्याकडेच परत आला. म्हातारा कापून टाकलेला. कोपऱ्यात लालभडक गुलाब, वर ‘सुप्रभात’, मधोमध आयुष्यावर एक सुविचार आणि खाली ‘निसर्गरम्य केरळ’. पाठवणारे कोण? आमचे मोठे मेहुणे. माणूस यावलचा, तीन पिढ्यांचा केळीवाला. केळीचं पान नुसतं बघून करपा कुठवर गेलाय ते सांगेल. मी लगेच फोन लावला.

“दाजी, फोटो पाहिला.”

“पाहिला ना? काय बाग ठेवलीय भो त्या लोकांनी! आणि धुकं बघ धुकं. नाहीतर आपल्याकडे, नुसता धूर!”

आता इथे बसलेल्या केळीवाल्यांना हसू आवरत नाहीये, पण शहरातल्यांसाठी सांगतो. पारा दहाच्या खाली उतरला की केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात. म्हणून आपल्याकडे थंडीच्या रात्री बागेच्या बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. तो धूर बागेवर पसरतो, तेवढीच ऊब राहते. माझ्या फोटोत धुकं नव्हतंच, रात्रभराचा धूर होता. तो म्हातारा निसर्गाचा आनंद घेत उभा नव्हता, रात्रभर जागून पीक राखत होता. आणि दाजी स्वतः त्याच आठवड्यात चार रात्री हेच करत होते!

मी म्हटलं, दाजी, हा फोटो मी काढलाय, रावेर रस्त्याचा आहे. त्यावर ते काय म्हणाले असतील? “तू काढलास? मग गुलाब कुठून आला?”

हसा, पण चूक माझी होती. मी त्या फोटोला तिकीटच दिलं नव्हतं. ‘रावेर तालुका, डिसेंबर, थंडीपासून बाग वाचवायला केलेला धूर’ एवढी एक ओळ लिहिली असती तर त्याचं केरळ झालं नसतं. निदान दाजींच्या घरी तरी नाही.

याच चुकीची एक मोठी आवृत्ती आपल्या खान्देशातच घडली आहे. रानपिंगळा. १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षितज्ज्ञानं या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे जेम्स डेव्हिडसननं खान्देशातून त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नाही. पक्षी नामशेष झाला असंच लोक धरून चालले. पण संग्रहालयात एक नमुना होता, त्यावरची चिठ्ठी म्हणत होती: १९१४, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर विसंबून तिथे शोध घेतला गेला आणि हाती काही लागलं नाही. लागणार कसं? पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ बाईंनी ती लबाडी उघडी पाडली. मायनर्त्सहागेन नावाच्या बड्या पक्षितज्ज्ञानं संग्रहालयातला जुना नमुना चोरून, पुन्हा नीट भरून, स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी त्याला अडकवली होती. माझ्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याचं तिकीट, वर स्वतःचं नाव.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ रानपिंगळा उघड्या फांदीवर बसलेला सापडला. भर उजेडात! तो दिवसाही वावरणारा पक्षी. ११३ वर्षांनी. आणि गंमत बघा, त्या दिवशी शहादा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. नुसतं ठिकाण लिहून भागत नाही, तारीख लागते ती अशी.

चिठ्ठी आली. ‘भरीत तयार, पुऱ्या गार होतील.’ बरं. मूळ विषय पाच मिनिटांत.

एक, ‘अप्रतिम’ हा शब्द आज या खोलीत बंद. आधी फोटोत काय दिसतंय ते बोला. पांढरं दिसतंय म्हणा, धुकं म्हणायची घाई नको. ज्याचा फोटो आहे त्यानं तोवर तोंड उघडायचं नाही. त्याला जे दाखवायचं होतं ते कोणालाच दिसलं नसेल तर तेही त्याला कळू द्या.

दोन, तीनच फोटो आणा. तोरणमाळला एकदा गेलं की यशवंत तलावाचे ऐंशी फोटो होतात, मला माहीत आहे, माझेही झालेत. त्यातले सत्याहत्तर कोणते गाळायचे यातच निम्मं शिक्षण होतं.

तीन, कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. आणि व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की आतली तारीख, ठिकाण गळून पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चार, आणि इथे मी माझ्याच विरुद्ध बोलतोय. घरटं असेल, घुबड असेल, तर ठिकाण तालुक्यापर्यंतच सांगा, झाडापर्यंत नको. आज तुम्ही झाड सांगितलंत की रविवारी तिथे वीस कॅमेरे उभे राहतात, कोणीतरी मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवतो. आणि घुबडामागे तर अमावास्येची गिऱ्हाइकंही असतात. पूर्ण पत्ता घरच्या वहीत लिहा.

पाच, प्रिंट काढा. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं अजिंठ्यात वर्षानुवर्षं बसून चित्रांच्या नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. सगळा माल एकाच छपराखाली होता, तसा तुमचा एकाच मोबाईलमध्ये आहे. गिल आमच्या भुसावळला पुरलेला आहे. त्याच्यावर बोलायचं होतं, पण पुऱ्या…

चला, पहिला फोटो लावा, दिवे बंद करा. आणि ज्याचा असेल त्यानं गप्प बसायचं. दाजी, तुम्हीसुद्धा.