पिन बसली म्हणजे विमान ऐकतं असं नाही

[दृश्य: पत्र्याच्या शेडमधला लाकडी बाक. त्यावर ओळीनं चार रिमोट, पाठी वर केलेले.]

मॉडेल विमानांचे चार रिमोट, चार तऱ्हेची सॉकेटं. जुन्या फुताबाला सहा पिनांचं जाड गोल सॉकेट. त्याच कंपनीच्या नंतरच्या रिमोटला छोटं चौकोनी. स्पेक्ट्रमला हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची पिन लागते. फ्लायस्कायचं परत गोल, पण बारीक पिनांचं. जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड ज्यात बसायचा, तसं.

मॉडेल विमान उडवायला शिकवायचं तर यातले दोन रिमोट एकमेकांना जोडावे लागतात. एक शिकवणाऱ्याच्या हातात, दुसरा शिकणाऱ्याच्या. विमान फक्त शिकवणाऱ्याच्या रिमोटचं ऐकतं. त्याच्या रिमोटवर स्प्रिंगचं एक बटण असतं. ते दाबून धरलं की विमान शिकाऊच्या ताब्यात. बोट उचललं की त्याच क्षणी परत गुरूकडे. मोडलेले पंख आणि पाण्यात गेलेले पैसे वाचवायचा याहून चांगला उपाय या छंदात नाही.

दोन्ही रिमोट एकाच कंपनीचे असले तर काम पाच मिनिटांचं. पण सोलापुरात असं कोण बघून घेतं? कुणी फ्लायस्कायचा एफएस-आय6 ऑनलाइन मागवतो, कारण खिशाला तोच परवडतो. कुणाचा मावसभाऊ अमेरिकेहून येताना स्पेक्ट्रम घेऊन येतो. कुणाला कॉलेजच्या सीनियरकडून सेकंडहँड फुताबा मिळतो, बॅटरी फुगलेला. मग शनिवारी संध्याकाळी हे सगळे या शेडमध्ये येतात.

[दृश्य: सोल्डरिंग आयर्नचं टोक. पातळ वायर, वितळणारं सोल्डर, वर चढणारी काळी नळी.]

शेड ज्यांची, त्यांना सगळे काका म्हणतात. आयुष्यभर पॉवरलूमवर जॉबरकी केली. बिघडलेला माग कान लावून ओळखायचा, हा धंदा. आता डोळ्यांना जाड भिंग आणि समोर मल्टिमीटर.

केबल ते स्वतः बनवतात. साडेतीनच्या मोनो पिनेत दोनच जागा: टोकाला सिग्नल, बाहेरच्या भागाला ग्राउंड. दुसऱ्या टोकाला सहा पिना असल्या तरी उपयोगाच्या दोनच. बाकीच्या मोकळ्या सोडायच्या आणि एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. जुन्या फुताबाच्या गोल सॉकेटात एका पिनेवर थेट बॅटरीचं व्होल्टेज येतं. ते चुकून समोरच्याच्या सिग्नलच्या पिनेवर गेलं, तर त्या रिमोटचं जे व्हायचं ते होतं. म्हणून वायर लावायच्या आधी काका प्रत्येक पीन मोजतात. आकृती छापलेली असली तरी मोजतात.

बाजारात तयार केबलही मिळते. पाकिटावर लिहिलेलं असतं, सगळ्या कंपन्यांना चालते. आमचं म्हणणं, घ्या खुशाल. फक्त ते वाक्य पिनेपुरतं खरं आहे.

[दृश्य: कागदावर पेन्सिलनं काढलेली उभ्या काठ्यांची रांग.]

या वायरीतून जातं काय? ठोके. याला पीपीएम म्हणतात, एफएम रिमोटच्या जमान्यापासून चालत आलेली पद्धत. दोन ठोक्यांमधलं अंतर म्हणजे एका चॅनेलची, म्हणजे एका हालचालीची, स्थिती. अंतर एक मिलिसेकंद, तर रिमोटवरची दांडी, म्हणजे स्टिक, एका टोकाला. दोन मिलिसेकंद, तर दुसऱ्या टोकाला. दीड म्हणजे मधोमध. असे आठेक चॅनेल एकामागून एक जातात, मग एक लांब विराम, आणि पुन्हा पहिल्यापासून. अशी एक फेरी साधारण साडेबावीस मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला 44 फेऱ्या.

त्या ठोक्यांवर नाव कुठंच नसतं. एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या झडपा) कोणता, थ्रॉटल (मोटरचा वेग) कोणता, हे वायरीला ठाऊक नाही. असतो तो फक्त नंबर. लांब विरामानंतरचा पहिला, मग दुसरा, मग तिसरा.

आणि गोची इथंच होते. फुताबा आणि फ्लायस्काय पहिल्या नंबरावर एलेरॉन पाठवतात, मग एलिव्हेटर (शेपटीची आडवी झडप, नाक वर-खाली करणारी), मग थ्रॉटल, मग रडर (शेपटीची उभी झडप, नाक डावी-उजवीकडे वळवणारी). जेआर (आणखी एक रिमोट कंपनी) आणि स्पेक्ट्रम थ्रॉटल पहिला पाठवतात, त्यामागून एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडर. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाच्या कार्डांची माळ ओवताना कार्डांचा क्रमच फिसकटला, तर माग चालत राहतो, सूत तुटत नाही, चादर निघते. फक्त तिच्यावर मोर उमटत नाही. तसंच हे.

[दृश्य: बाकावर कोरोप्लास्टचं (पोकळ प्लास्टिक शीटचं) उंच पंखांचं विमान. पुढचा पंखा काढलेला. डिप्लोमाला शिकणारी एक मुलगी फ्लायस्काय धरून उभी. काकांच्या हातात स्पेक्ट्रम.]

"काका, बसली की पिन. रिमोट पण दाखवायलाय, कनेक्ट झालंय म्हणून."

"बसली म्हणजे जमलं न्हाई, पोरी. थ्रॉटल खाली हाय का तुझं? बाकी कशाला हात लावू नको. आता बघ."

काका बटण दाबतात. मुलीनं काहीच हलवलेलं नाही, तरी मोटर अर्ध्या वेगानं किंचाळायला लागते आणि मागचा एलिव्हेटर टोकापर्यंत वळून तिथंच अडकतो.

हिशोब सोपा आहे. फ्लायस्कायचा पहिला चॅनेल एलेरॉनचा. स्टिक मधोमध, म्हणजे दीड मिलिसेकंद. स्पेक्ट्रमनं तो थ्रॉटल म्हणून घेतला: अर्धा वेग. तिसऱ्या नंबरावर मुलीचा थ्रॉटल, पूर्ण खाली, म्हणजे टोकाचा आकडा. स्पेक्ट्रमच्या लेखी तिसरा नंबर एलिव्हेटरचा: पूर्ण वळलेला. चौघांपैकी रडर तेवढा जागच्या जागी.

मोटरला पंखा लावलेला असता तर विमान बाकावरून सुटलं असतं, आणि समोर मुलीचे हात होते. दोन वेगळ्या कंपन्यांचे रिमोट पहिल्यांदा जोडताना पंखा काढायचाच. इथं घाई आणि भीड, दोन्ही नको.

नंबर जुळले तरी काम संपत नाही. फुताबाचा थ्रॉटल इतरांच्या उलटा चालतो. त्याचा मध्यही दीड मिलिसेकंदावर नाही, किंचित पुढं, 1.52 वर. स्पेक्ट्रमचे शंभर टक्के म्हणजे साधारण 1.1 ते 1.9 मिलिसेकंद, दुसऱ्या एखाद्या रिमोटचे त्याहून जास्त. त्यामुळं शिकाऊनं पूर्ण स्टिक दिली तरी विमान अर्धवट वळतं, नाहीतर ताबा देताच एकदम हिसका बसतो. हिसका बसला की शिकाऊ घाबरतो, घाबरला की उलटी स्टिक देतो. पुढचं सांगायला नको.

[दृश्य: रंगीत स्क्रीनचा मोठा रिमोट. काकांचा अंगठा मेनूतून फिरतो.]

यावर काकांनी काढलेली वाट म्हणजे हा रिमोट: रेडिओमास्टर टीएक्स16एस, आत एजटीएक्स हे खुलं सॉफ्टवेअर. गुरूच्या हातात हा असला की शिकाऊच्या हातात कोणताही चालतो, कारण याचं ट्रेनरचं पान प्रत्येक स्टिकबद्दल वेगवेगळं विचारतं. एलेरॉन कुठल्या चॅनेलवरून घेऊ? शिकाऊ फ्लायस्कायवाला असेल तर पहिल्या, स्पेक्ट्रमवाला असेल तर दुसऱ्या. शेजारी टक्के असतात. हालचाल कमी पडत असेल तर आकडा वाढवा, दिशा उलटी असेल तर उणे शंभर करा. शेवटी शिकाऊच्या स्टिक मधोमध सोडून कॅलिब्रेट दाबलं की दोघांचा मध्य एक होतो.

दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. साध्या जोडणीत शिकाऊच्या रिमोटचे तयार चॅनेल जसेच्या तसे विमानाकडे जातात. म्हणजे त्याचे ट्रिम (मध्याची बारीक दुरुस्ती), त्याचं रिव्हर्स (दिशा उलटी करणं), सगळं गुरूच्या रिमोटसारखंच लावावं लागतं. इथं शिकाऊकडून नुसती स्टिकची हालचाल घेतली जाते आणि विमानाची सेटिंग गुरूचीच राहतात. फुताबाच्या काही रिमोटांत फंक्शन मोड असतो, त्यातही हेच होतं. ज्याच्याकडे तो आहे त्यानं तोच वापरावा.

शिकाऊच्या एफएस-आय6 मध्ये सिस्टिमच्या मेनूत जाऊन स्टुडंट मोड चालू करायचा. झालं.

केबल नकोच असेल, तर शिकाऊच्या कंपनीचा एखादा रिसीव्हर, म्हणजे विमानात बसते ती सिग्नल घेणारी डबी, घ्यायचा. फ्लायस्कायचा आयए6बी पीपीएम बाहेर देतो. तो गुरूच्या ट्रेनर जॅकला जोडला की दोघं चार हात लांब उभे राहू शकतात. फक्त त्या रिसीव्हरला पॉवर बँकेवर चालवू नका. काही पॉवर बँका इतका कमी भार दिसला की आपोआप बंद पडतात. चार रिचार्जेबल सेलची साधी डबी बरी.

[दृश्य: पहाट. पुणे रस्त्यावरून मोहोळकडे चाललेल्या दोन मोटारसायकली, एकीच्या मागं दोरीनं बांधलेला पंख.]

उडवायचं कुठं, हा सोलापूरचा वेगळाच प्रश्न. होटगी रस्त्यावरचा विमानतळ बरीच वर्षं निवांत होता. 15 जून 2023 ला विमानांना आडवी येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, सप्टेंबर 2024 मध्ये नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि जून 2025 पासून गोव्याचं विमान सुरू झालं. गावाला बरं झालं. छंदवाल्यांना मात्र आता लांब जावं लागतं. 2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानंही येतात. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच मोकळीक, त्यापलीकडे नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात 400 फूट. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी साइटचा नकाशा बघायचा.

बार्शी रस्त्याला नान्नजचं माळरान दिसतं सपाट आणि मोकळं, पण ते माळढोकचं अभयारण्य. तिकडं विमान न्यायचा विचारसुद्धा करायचा नाही. म्हणून ही मंडळी मोहोळच्या बाजूला, ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात येतात. ज्वारी निघालेली असते. धसकटं विमानाचं पोट फाडतात, म्हणून बांधालगत मुरूम टाकून पट्टी केलेली आहे. उन्हाळ्यात नऊ-साडेनऊनंतर जमीन तापून हवा उसळायला लागते, आणि नवशिक्याच्या हातात तेव्हा विमान द्यायचं नसतं.

[दृश्य: रान. विमान काठीला अडकवून धरलेलं, पंखा अजून खिशात.]

पुन्हा तपासणी. मुलगी उजवीकडे स्टिक देते. काका विमानाच्या मागं उभं राहून बघतात, उजवा एलेरॉन वर गेला का. वर, खाली, डावीकडे. ताबा दिला, घेतला, दिला, घेतला. ताबा बदलताना एलेरॉन, एलिव्हेटर जागचे हलतात का? मग ताबा तिच्याकडे असताना काका केबल उपसतात. रिमोट बोलतो, ट्रेनर सिग्नल गेला, आणि काकांची स्टिक विमान हलवते. आता पंखा लागतो.

[दृश्य: आकाशात विमान, वळण घेताना.]

उड्डाण काकांचं, उतरवणंही काकांचंच. मधली उंची मुलीची. आज तिच्याकडे फक्त एलेरॉन आणि एलिव्हेटर आहेत. थ्रॉटल आणि रडर काकांनी बटणाला जोडलेलेच नाहीत. एजटीएक्समध्ये प्रत्येक स्टिक वेगळी सोपवता येते, आणि शिकवणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

"वळव आता. जास्त न्हाई. आता सोड की."

मुलगी सोडत नाही. पंख झुकत जातो, नाक खाली जातं. काकांचं बोट उठतं. विमान सरळ होतं, थोडं वर चढतं.

"सोड म्हटलं की स्टिक मधी आणायची, पोरी. हात काढायचा न्हाई."

"हो काका. द्या परत."

बोट पुन्हा दाबलं जातं.

दुसऱ्या बॅटरीला थ्रॉटलही तिच्याकडे जाणार आहे. त्याआधी दोघांच्या थ्रॉटल स्टिक एका उंचीवर हव्यात. काकांचा अर्ध्यावर आणि तिचा शून्यावर असेल, तर ताबा देताच मोटर बंद पडते. काकांचा खाली आणि तिचा वर असेल, तर परत घेताना तेच. काका तिच्या शेजारी सरकतात, तिच्या रिमोटकडे मान वळवून बघतात.

"अजून थोडं वर घे. हां, तिथंच ठेव."