फाइट अवघड करायचीय? मग हिट पॉइंट वाढवू नका

नमस्कार मंडळी! आज थेट मुद्द्यावर येते. तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोलप्लेइंग गेमचे डीएम आहात, म्हणजे गोष्ट आणि मॉन्स्टर चालवणारे, जीव ओतून एक जबरदस्त मॉन्स्टर निवडलाय, त्याचं वर्णन लिहून ठेवलंय, आवाज काढायची प्रॅक्टिस केलीय, आणि सेशनला पार्टी (प्लेयरची टोळी) दोन राउंडमध्ये (एका राउंडला प्रत्येकाची एक टर्न) त्याचा चेंदामेंदा करून पुढच्या खोलीत निघून जाते. मग बरेच डीएम काय करतात, पुढच्या वेळी हिट पॉइंट, म्हणजे मॉन्स्टर किती मार सोसतो तो आकडा, डबल. आता फाइट दोनच्या जागी चार राउंड चालते, पण चारही राउंड तेच, मी मारतो, मी पण मारतो, झालं, पुढचा कोण. फाइट लांबली, अवघड कुठे झाली? माझ्या मते फाइट अवघड तेव्हा होते जेव्हा प्लेयरला स्वतःच्या टर्नला कळत नाही की आता दोन गोष्टींपैकी कुठली सोडू.

एक उदाहरण घेऊ, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनचं, 2014 चे रूल्स. लेव्हल 3 ची चार जणांची पार्टी, समोर एकटा ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. हिट पॉइंट 59, आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठायचा आकडा) 11, म्हणजे त्याला मारायला फार कष्ट नाहीत, आणि त्याचा एक टोला सरासरी 13 चा. ऐकायला भारी वाटतं, लेव्हल 3 च्या विझर्डला (जादूगाराला) असे दोन बसले तर तो आडवाच. पण मोजून बघा ना. दोन राउंडमध्ये चौघांच्या मिळून आठ टर्न, ओगरच्या दोन, त्यातला एखादा टोला हुकणार, आणि मध्येच कोणी स्पेल टाकून त्याला जागच्या जागी बांधून ठेवलं तर तेवढंही नाही. कुठल्या बाजूला किती टर्न मिळतात, ह्या हिशोबाला ॲक्शन इकॉनॉमी म्हणतात. एकटा मॉन्स्टर बहुतेक वेळा ताकदीत कमी पडत नाही, त्याची पाळी यायच्या आधीच त्याचं काम तमाम झालेलं असतं.

मोठ्या मॉन्स्टरना म्हणूनच वेगळी सोय दिलेली असते. अडल्ट रेड ड्रॅगन घ्या, त्याला राउंडला तीन लेजंडरी ॲक्शन, त्या दुसऱ्यांच्या टर्न संपल्या की वापरायच्या, आणि फेल गेलेला सेव्ह (स्पेलसारख्या गोष्टीतून वाचायला टाकायचा डाइस) दिवसातून तीनदा पास करून घेता येतो. शिवाय तो स्वतःच्या गुहेत असेल तर इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा आकडा) 20 ला गुहासुद्धा काहीतरी करते. लेव्हल 3 ला एवढा पसारा नको. तिथे सोपा उपाय, ओगरला साथीदार द्या.

चार गॉब्लिन (छोटे, चपळ राक्षस) देऊ. ओगर 450 एक्सपीचा (मॉन्स्टर हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे पॉइंट), गॉब्लिन प्रत्येकी 50 चे, बेरीज 650, आणि मॉन्स्टर पाच आहेत म्हणून 2014 च्या हिशोबात ती दुप्पट धरायची, 1300. ह्या पार्टीला 900 पासून हार्ड सुरू होतं आणि 1600 पासून डेडली, म्हणजे आपण हार्डमध्ये बसलो. (2024 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये तो गुणाकार काढून टाकलाय, लो, मॉडरेट, हाय अशा तीनच पायऱ्या ठेवल्यात, ते मला आवडलं, हिशोब पटकन होतो.) पण कुठलाही हिशोब घ्या, तो तुम्हाला अंदाजे एवढंच सांगतो की पार्टीला किती लागेल. टेबलावरचे लोक पुढे सरकून बसतील का, हे त्यात नसतं. ते येतं शत्रूला काय हवंय त्यातून, आणि हाच माझा आजचा खरा मुद्दा आहे.

[स्क्रीनवर नकाशा]

हे बघा. खोल दरी, त्यावर 60 फुटांचा झुलता पूल. गॉब्लिनांनी पार्टीच्या वाटाड्याला पिंजऱ्यात घातलंय आणि दोन गॉब्लिन तो पिंजरा पुलावरून पलीकडे ओढत नेतायत. ओझं आहे म्हणून मी त्यांना राउंडला 15 फूटच देते, म्हणजे चार राउंडमध्ये पिंजरा पार. ओगर पुलाच्या तोंडाशी. उरलेले दोन गॉब्लिन बाजूच्या कड्यावर, दगडांच्या आड, हातात शॉर्टबो. गॉब्लिनला बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधली जादा छोटी ॲक्शन) लपता येतं, त्यामुळे ते बाण मारून परत दगडामागे जातात.

आता ह्यातल्या कोणालाच पार्टीला ठार मारायचं नाहीये! ओगरला फक्त चार राउंड तोंड अडवून धरायचंय. मॉन्स्टर तेच, आकडे तेच, पण फायटरची टर्न आली की तो थांबतो. ओगरशी भिडू, तर तिकडे पिंजरा चाललाय. बाजूने निसटून पळू, तर ओगरचा ऑपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निसटणाऱ्याला बसणारा फुकटचा टोला) खावा लागणार, सरासरी 13 चा, आणि पुढे पुलावर एकटे. विझर्डकडे स्लीप स्पेल आहे, ओढणाऱ्या दोघांना झोपवता येईल, ते 7-7 हिट पॉइंटवाले, सहज झोपतील, पण हलत्या पुलावर पिंजऱ्याचा दोर हातातून सुटला तर पिंजरा कुठे जाईल? क्लेरिकने (जखमा भरणाऱ्या पुजाऱ्याने) बरं कोणाला करायचं, जो पडलाय त्याला की जो पुलाकडे पळतोय त्याला? आणि त्या धनुष्यवाल्यांचं काय, त्यांच्याकडे कोणीच गेलं नाही तर ते शेवटपर्यंत टोचत राहणार, पण कडा चढायला कोण जाणार, जो जाईल तो तर इथून गेलाच ना. असे प्रश्न टेबलावर प्लेयर एकमेकांना विचारायला लागले की तुम्ही गप्प बसून ऐकायचं, त्यांना घाई करायची नाही.

पांगलेले शत्रू ठेवायचं अजून एक कारण. लेव्हल 5 ला विझर्ड फायरबॉल शिकतो, 20 फूट त्रिज्येच्या गोलात 8 डी 6 (सहा बाजूंचे आठ डाइस) डॅमेज, सरासरी 28. गॉब्लिनने सेव्ह पास केला तरी अर्धे म्हणजे 14 लागतात, तो गेलाच. सगळे एका खोलीत दाटीवाटीने उभे केले तर तुमची तासाभराची तयारी एका ॲक्शनमध्ये राख. कधीकधी मुद्दाम तसे उभे करा हं, विझर्डने ते स्पेल त्याच क्षणासाठी घेतलंय, त्याला तो आनंद मिळायलाच हवा. फक्त दर वेळी नको.

अजून एक, आणि ह्यावर मी फार ठाम आहे. अवघडपणा लपवून ठेवायचा नाही. ट्रोलचं घ्या, 84 हिट पॉइंट आणि प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला 10 परत येतात, आग किंवा ॲसिड लागलं तरच पुढच्या टर्नला ते थांबतं. डीएम गुपचूप वहीत 10 वाढवत बसला तर प्लेयरना वाटतं आपले डाइसच वाईट पडतायत. त्याऐवजी बोला. "तू पाडलेली खांद्याची जखम तुझ्या डोळ्यांसमोर जुळून येतेय, पण मशाल घासली गेली तिथली कातडी अजून काळीच आहे." झालं, आता ते कोडं त्यांच्या हातात आहे. माहिती दिल्याने फाइट सोपी होत नाही, माहिती असूनही मशाल घेऊन ट्रोलच्या जवळ जायचं कोणी हे ठरवणं उरतंच.

दिवसभरात किती फाइट होतात तेही बघा. 2014 च्या गाइडने दिवसाला 6 ते 8 मीडियम किंवा हार्ड एन्काउंटर धरलेत, मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती). प्रत्यक्षात खूप टेबलांवर दिवसाला एकच फाइट होते आणि मग सगळे आपापली मोठी स्पेल पहिल्याच राउंडला रिकामी करतात, का नाही करणार? आठ फाइट बसवायला वेळ नसतो हे मला मान्य आहे, तर निदान दोन-तीन धोके सलग लावा, मध्ये लाँग रेस्ट (स्पेल परत देणारी रात्रभराची विश्रांती) मिळू देऊ नका. पुलाआधी एक छोटी झटापट झाली असेल तर तेच स्लीप वापरू का ठेवू, हा निर्णय खूप जड होतो.

आणि शत्रूला पळू द्या. 1981 च्या बेसिक रूल्समध्ये मॉन्स्टरला मोराल (लढायची हिंमत) असायचं, 2 ते 12 मधला आकडा, पहिला जण मेला की आणि अर्धे पडले की 2 डी 6 टाकायचे, आकड्याच्या वर गेलं की मॉन्स्टर लढायचं सोडतात. हे आजही उचला. पिंजरा हातचा गेला की गॉब्लिन तिथे मरायला कशाला थांबतील?

पार्टीच्या पळण्याचा विचार मात्र तुम्हालाच आधी करावा लागतो. ओगरचा स्पीड 40, बहुतेक प्लेयरचा 30, म्हणजे नुसतं पळून कोणी सुटत नाही, आणि हे कळलं की लोक पळतच नाहीत, शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढून सगळी पार्टी मरते. म्हणून पुलाचं वर्णन करतानाच सांगून टाका की दोर जुने आहेत, कुऱ्हाडीच्या दोन घावात तुटतील, म्हणजे पळताना मागचा पूल तोडून ओगरला अडवता येईल हे त्यांना सुचेल.